नॉमिनी म्हणजे मालक नाही: फ्लॅट, मृत्युपत्र आणि सक्ती गेलेलं प्रोबेट

मागच्या श्रावणात डोंबिवलीच्या एक काकू ऑफिसला आल्या, सोबत मुलगा आणि पिशवीत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. काका जाऊन चार महिने झाले होते. डब्यात सगळं होतं, शेअर सर्टिफिकेट, लाइटबिलं, विम्याच्या पावत्या, रबरबँड लावलेली पासबुकं, आणि तळाशी सोसायटीचा नॉमिनेशन फॉर्म, काकांच्या वळणदार अक्षरात भरलेला, काकूंचं नाव, शंभर टक्के. काकू म्हणाल्या, "बघा, ह्यांनी सगळं करून ठेवलंय, आता फक्त फ्लॅट माझ्या नावावर करून द्या." मी फॉर्म हातात घेतला आणि पोटात गोळा आला, कारण तो एक फॉर्म नव्हता, तीन होते, टाचणीने एकत्र लावलेले. हा फॉर्म तीन प्रतींत भरून सोसायटीत द्यायचा असतो, कमिटीच्या मिटिंगमध्ये त्याची नोंद होते आणि एक प्रत सही-शिक्क्यासकट आपल्याला परत मिळते. तिन्ही प्रती घरात सापडल्या म्हणजे तो फॉर्म सोसायटीत कधी गेलाच नाही.

आणि गेला असता तरी काकू त्या फ्लॅटच्या एकट्या मालक झाल्या नसत्या. हे सांगताना मला दरवेळी जड जातं, कारण समोरचा माणूस आधीच दुःखात असतो आणि "नॉमिनी आहे ना, मग झालं" या भरवशावर आलेला असतो. मी ठाण्यात गेली अठरा वर्षं वारसाहक्काचीच कामं करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी निदान सहा-सात घरांत अडचण भांडणाची नसते, कागदांची असते. अ‍ॅग्रीमेंटवर एक नाव, नॉमिनेशनमध्ये दुसरं, मृत्युपत्रात तिसरंच काहीतरी. माणूस गेल्यावर हे तीन कागद एकमेकांशी जुळत नाहीत आणि मग जिवंत माणसांनी ते जुळवत बसायचं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते, त्यात गेल्या दोन वर्षांत कायद्यात बरंच काही हललंय.

आधी नॉमिनी. नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात पैसे किंवा शेअर दिले की बँक, कंपनी, सोसायटी मोकळी होते तो माणूस. त्याने ते खऱ्या वारसांसाठी सांभाळायचे. सुप्रीम कोर्टाने विम्याच्या बाबतीत हे १९८३ सालीच सरबती देवींच्या केसमध्ये सांगितलं होतं, बँकेच्या ठेवींबाबत २०१० ला सांगितलं. शेअर्सच्या बाबतीत मात्र मधे गोंधळ झाला, २०१० ला मुंबई हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी कंपनी कायद्यातल्या शब्दांवरून असा निकाल दिला की शेअर्सचा नॉमिनी थेट मालकच होतो, तो निकाल कित्येकांनी धरून ठेवला, २०१६ ला खंडपीठाने तो बरोबर नाही म्हटलं, आणि शेवटी १४ डिसेंबर २०२३ ला शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात सुप्रीम कोर्टाने पडदा टाकला. खटला आपल्याच मुंबईतला, ज्योतिर्भास्कर जयंतराव साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून आणि त्यांच्या गुंतवणुकीतल्या नॉमिनींवरून सुरू झालेला. निकाल सरळ आहे, नॉमिनेशन हा वारसाहक्काचा तिसरा मार्ग नाही. मालमत्ता एकतर मृत्युपत्राने जाते नाहीतर वारसा कायद्याने.

सोसायटीच्या फ्लॅटबद्दल महाराष्ट्रात वेगळं कलम आहे. सहकारी संस्था कायद्यात २०१९ ला हाउसिंग सोसायट्यांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं, त्यातलं १५४ब-१३ हे कलम. सभासद गेला की सोसायटीने नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं, खरे वारस किंवा मृत्युपत्राने ज्याला मिळालंय तो ठरेपर्यंत. तात्पुरता हा शब्द महत्त्वाचा. त्याने मेंटेनन्स भरावा, मिटिंगला बसावं, पण फ्लॅट विकायला खरा मालक लागतो, आणि तो अजून ठरायचाय.

मग नॉमिनेशन करायचं की नाही? करायचंच. ते नसलं की सोसायटी पेपरात नोटीस देते, हरकती मागवते, हमीपत्र लिहून घेते, सगळं लांबतं. बँकेत तर १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक, लॉकरला मात्र एकामागून एकच. डिमॅट आणि म्युच्युअल फंडात दहापर्यंत. फक्त एवढंच की जे नाव नॉमिनीत तेच नाव मृत्युपत्रात असू दे.

विम्यात एक वेगळी गोष्ट आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसा त्यांच्याच मालकीचा असं विमा कायद्याचं कलम ३९ म्हणतं, पण त्याचा अर्थ लावताना वेगवेगळ्या हायकोर्टांत एकमत नाही. तुम्हाला बायको-मुलांसाठी पक्कं करायचं असेल तर पॉलिसी घेतानाच १८७४ च्या मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी कायद्याखाली घ्या, फॉर्मवर एक खूण करायची असते. तशी पॉलिसी म्हणजे कायद्याच्या नजरेत बायको-मुलांच्या नावे झालेला ट्रस्ट, नवऱ्याच्या धंद्यातल्या घेणेकऱ्यांनाही त्यावर हात टाकता येत नाही. दीडशे वर्षं जुना कायदा आणि अजून इतका उपयोगाचा, तरी एजंट लोक तो क्वचित सांगतात.

आता काकूंच्या फ्लॅटचं गणित मांडते, कारण इथे सगळेच दचकतात. फ्लॅट काका-काकू दोघांच्या नावावर, निम्मा-निम्मा. बहुतेकांना वाटतं एक गेला की सगळं दुसऱ्याचं. तसं नाही. काकूंचा अर्धा त्यांचाच, प्रश्न काकांच्या अर्ध्याचा. काकांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, म्हणून १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू. त्यात पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांना सारखा वाटा. आई! वडील दुसऱ्या वर्गात जातात पण आई पहिल्या वर्गात असते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. काकांची नव्वदीतली आई तेव्हा चिपळूणला होती. म्हणजे काकांच्या अर्ध्याचे चार वाटे, काकू, मुलगा, मुलगी, आजी, प्रत्येकी एक अष्टमांश.

आणि काका गेल्यावर दोन महिन्यांत आजीही गेल्या, लेकाच्या धक्क्यानेच असं घरचे म्हणाले. आता आजींचा एक अष्टमांश त्यांच्या वारसांकडे गेला. त्यांची तीन मुलं, त्यातले काका आधी गेलेले म्हणून काकांची मुलं एका भागाची, उरलेले दोन भाग काकूंच्या दिराचे आणि नणंदेचे. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्या-किचनचा चोविसावा हिस्सा दिराचा, चोविसावा नणंदेचा. ज्या फ्लॅटचे हप्ते काकूंनी शिवणकाम करून फेडले त्यात आता ज्यांचा काडीचा संबंध नव्हता ते मालक झाले. कुणी लबाडी केली नव्हती. दीर बिचारे भले आहेत, पण म्हणाले, "वहिनी, सही करतो की, फक्त आईच्या चिपळूणच्या घराचंही एकदा बसून बोलू." झालं, फ्लॅटचा कागद चिपळूणच्या घराला बांधला गेला. नणंद इंदूरला, तिला दोनदा यावं लागलं. हक्कसोडपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावंच लागतं, साध्या कागदावर "माझी हरकत नाही" लिहून दिलेलं चालत नाही, आणि ते सहहिस्सेदाराच्याच नावे करता येतं, तिऱ्हाइताच्या नावे केलं तर ते बक्षीस नाहीतर विक्री होते. आठ महिने गेले त्यात. काकांनी एका साध्या पानावर चार ओळी लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली असती तर यातलं काहीच लागलं नसतं.

साधं पान म्हणते ते खरंच साधं. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही. नोटरी लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही. हाताने लिहिलं, टाइप केलं, मराठीत केलं, सगळं चालतं. भारतीय वारसा कायदा १९२५, कलम ६३, त्यात मागितलंय एवढंच की करणाऱ्याने सही किंवा अंगठा करायचा आणि दोन साक्षीदारांनी ती सही होताना बघून, किंवा "ही माझीच सही" असं त्याच्या तोंडून ऐकून, त्याच्यासमोर सह्या करायच्या. बास. साक्षीदारांनी आतला मजकूर वाचायची गरज नसते, त्यांनी सही बघायची असते.

पण सोपं आहे म्हणून लोक ते निष्काळजीपणे करतात आणि मग ते कोर्टात टिकवताना जीव जातो. एकदा एक मृत्युपत्र आलं माझ्याकडे, तीन पानी, सह्या फक्त शेवटच्या पानावर, पहिली दोन पानं एका फॉन्टमध्ये आणि तिसरं दुसऱ्या. वडिलांनी दुसऱ्या दिवशी पहिली पानं बदलून छापली होती, काही वाईट हेतू नव्हता, एका खात्याचा नंबर चुकला होता म्हणून. पण ते पाहून धाकट्या मुलाच्या मनात किल्मिष आलं ते आलंच. साक्षीदार कोण, तर वडिलांचे बँकेतले दोन जुने मित्र, दोघेही वडिलांच्या आधी गेलेले. मृत्युपत्र सिद्ध करायला निदान एक साक्षीदार कोर्टात उभा राहावा लागतो, दोघेही हयात नसतील तर एकाची तरी सही त्याच्या हातचीच आहे आणि करणाऱ्याची सहीही खरी आहे हे दुसऱ्या पुराव्याने दाखवावं लागतं, म्हणजे त्या मित्राच्या मुलाला शोधा, त्याच्या जुन्या चेकबुकावरच्या सह्या काढा. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान घ्या, शक्यतो फॅमिली डॉक्टर, सोसायटीतला चाळिशीतला कुणी शेजारी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, आणि सही होताना तो खोलीत नसलेला बरा. ज्याला सगळ्यात जास्त मिळालं त्यानेच वकील आणला, त्यानेच टाइप करून घेतलं, असं दिसलं की कोर्टाच्या भाषेत ती संशयास्पद परिस्थिती होते, आणि मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यालाच तो संशय दूर करावा लागतो, हे सुप्रीम कोर्टाने १९५८ सालापासून सांगितलंय. प्रत्येक पानावर सही करा, पान नंबर टाका, त्याच दिवसाचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट लावा की हे शुद्धीवर आहेत आणि समजून करताहेत. नोंदणी केलीत तर चांगलंच, कागद हरवत नाही, पण रजिस्टर केलं म्हणजे कुणी आव्हान देऊ शकत नाही असं मुळीच नाही. आणि रजिस्टर केलेलं मृत्युपत्र पुढे साध्या कागदावर बदलता येतं, शेवटचं असेल ते खरं.

एक ओळ मी प्रत्येक मृत्युपत्रात घालायला लावते, "याशिवाय माझ्या नावे जे काही असेल किंवा पुढे येईल ते सर्व अमुकला." ती नसली की राहून गेलेली एक एफडी पुन्हा सगळ्या वारसांत वाटायला निघते. आणि एखाद्या मुलाला काही देणार नसाल तर त्याचं नाव टाळू नका, नाव लिहा आणि का ते एका वाक्यात सौम्यपणे लिहा. "धाकट्याच्या शिक्षणावर आणि घरावर मी आधीच खर्च केला आहे." नाव नसलं की तो म्हणतो बाबांना मी आठवलोच नाही म्हणजे बाबा शुद्धीवर नव्हते.

आता प्रोबेट. मृत्युपत्र खरं आहे यावर कोर्टाचा शिक्का म्हणजे प्रोबेट, आणि तो शिक्का सगळ्या जगाला लागू होतो. आजवर गंमत अशी होती की मृत्युपत्र मुंबईत केलेलं असेल किंवा त्यातली जागा मुंबईत असेल तर हिंदू, जैन, बौद्ध, शीख आणि पारशी कुटुंबांना प्रोबेट सक्तीचं होतं, तसंच कोलकाता आणि चेन्नईला, बाकी देशात नाही. इंग्रजांच्या प्रेसिडेन्सी शहरांचा वारसा तो. म्हणजे फ्लॅट मुलुंडला असेल तर हायकोर्टात जा, चेकनाका ओलांडून ठाण्यात असेल तर नको. माझ्याकडे एकाच घरातले दोन फ्लॅट असलेली माणसं यायची, एक अलीकडे एक पलीकडे, आणि त्यांना हे समजावताना माझीच पंचाईत व्हायची. वर्ष, दोन वर्षं जायची, सगळ्या वारसांना नोटिसा, वर्तमानपत्रात जाहिरात, कोर्ट फी ७५ हजारांपर्यंत, वकिलाचे वेगळे, आणि कुणी एकाने कॅव्हेट म्हणजे हरकत टाकली की अर्जाचा दावा होऊन दहा वर्षं.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रिपीलिंग अँड अमेंडिंग कायदा केला, त्यात ७१ जुने कायदे रद्द झाले आणि त्याबरोबर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातलं कलम २१३ पण गेलं. ही सक्ती त्याच कलमात होती. मला याचा मनापासून आनंद झाला, कारण ज्या घरात सगळ्यांचं एकमत आहे तिथे विधवेला वर्षभर कोर्टात फिरवायचं काही कारण नव्हतं.

पण एक नीट समजून घ्या, सक्ती गेली, प्रोबेट गेलं नाही. हवं असेल तर अजून घेता येतं आणि काही वेळा घ्यावंच. एखादा वारस आत्ताच कुरबुर करतोय, साक्षीदार म्हातारे झालेत, मालमत्तेतला मोठा भाग परदेशात आहे आणि तिथली बँक कोर्टाचा कागद मागतेय, तर प्रोबेट घेऊन टाका. आणि सक्ती गेल्यामुळे एक नवीनच ओझं कुणावर आलंय ते बघा, सोसायटीच्या सेक्रेटरीवर. आधी तो म्हणायचा कोर्टाचा कागद आणा. आता त्याच्या टेबलावर नुसतं मृत्युपत्र येणार आणि ते खरं की खोटं, शेवटचं की आधीचं, हे त्याने कसं ठरवायचं? तो काही न्यायाधीश नाही, रिटायर्ड माणूस आहे, संध्याकाळी दोन तास सोसायटीचं काम बघतो. साहजिकच तो सगळ्या वारसांच्या ना-हरकती मागेल, चुकीचं काही झालं तर त्याच्यावर येऊ नये म्हणून. त्यात मला त्याची चूक वाटत नाही. म्हणून आता मृत्युपत्र असं करायला हवं की अनोळखी माणसाने वाचलं तरी त्याच्या मनात शंका राहणार नाही, फ्लॅटचा नंबर, शेअर सर्टिफिकेटचा नंबर, सोसायटीचं रजिस्टर्ड नाव, वारसांची नावं आधारवर आहेत तशी, आणि अंमलबजावणीसाठी एक्झिक्युटर म्हणून कुणाचं तरी नाव.

मृत्युपत्रच नसेल तर कुठला कागद लागतो यातही फार घोटाळा होतो. बँकेतले पैसे, शेअर्स, येणी यासाठी कोर्टाकडून उत्तराधिकार प्रमाणपत्र म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट. घर-जमिनीसाठी आपल्याकडे वारस दाखला, तो अजूनही १८२७ सालच्या मुंबई रेग्युलेशन आठखाली दिवाणी कोर्ट देतं. गावाकडे लोक तलाठ्याकडच्या वारस नोंदीलाच वारस दाखला म्हणतात, ती वेगळी गोष्ट. २०२५ ला सरकारने जिवंत सातबारा मोहीम काढली, मेलेल्यांची नावं काढून वारसांची चढवायची, चांगलंच काम, पण फेरफार झाला म्हणून मालकी ठरत नाही, ती नोंद सारा कुणी भरायचा यासाठी असते असं सुप्रीम कोर्ट कितीतरी वेळा म्हणालंय. म्हणून बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लागलं नाही याचा अर्थ तिचा हक्क गेला असा नाही, आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्माने हक्क आहे, वडील २००५ ला हयात असोत नसोत, हे ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने पक्कं झालंय.

बायकांसाठी मला जरा वेगळं आणि आग्रहाने सांगायचंय. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली आणि तिला मूल नसेल, नवरा आधीच गेलेला असेल, तर तिची स्वतःची कमाई पहिल्यांदा नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांकडे नंतर. हिंदू वारसा कायद्याचं कलम १५. याचं सगळ्यात बोचरं उदाहरण म्हणजे २००९ चा ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण निकाल. नारायणी देवी, १९५५ ला लग्न, तीन महिन्यांत नवरा सापाच्या दंशाने गेला, सासरच्यांनी घालवून दिलं, आईवडिलांनी शिकवलं, नोकरी केली, पैसा साठवला, १९९६ ला मृत्युपत्र न करता गेली. पैसे मिळाले कुणाला? नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. कोर्टाने स्वतः म्हटलं की प्रकरण सहानुभूतीचं आहे पण कायदा हा असा आहे. मी हा निकाल वाचला त्या रात्री माझ्या धाकट्या मावशीला फोन केला, तिचं असंच आहे, आणि पुढच्या रविवारी तिचं मृत्युपत्र करून घेतलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सगळ्या महिलांना, खास करून हिंदू महिलांना, मृत्युपत्र करून ठेवा असं आवाहन केलं. माझ्याकडे नवरे येतात मृत्युपत्र करायला, बायका शेजारी बसतात आणि म्हणतात माझं काय आहे, दागिने आणि पीएफ. तेच तर आहे ना! त्याच दिवशी दोघांचं करा.

"त्यापेक्षा आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकतो" असं म्हणणारे पण बरेच. महाराष्ट्रात राहतं घर मुलं, नातवंडं, नवरा-बायको यांना बक्षीसपत्राने द्यायला स्टॅम्प ड्युटी नाममात्र आहे, म्हणून मोह होतो. पण मृत्युपत्र तुम्ही उद्या फाडू शकता, बक्षीसपत्र एकदा नोंदवलं की घर तुमचं राहिलं नाही. करायचंच असेल तर त्यात "मुलगा आमचा सांभाळ करील" ही अट लिहाच लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ती अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांकडे असलेलं न्यायाधिकरण व्यवहार रद्द करू शकतं, आणि २ जानेवारी २०२५ ला ऊर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने असंच बक्षीसपत्र रद्द करून आईला ताबा द्यायला सांगितलं.

स्पेशल मूल असलेल्या घरांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. "आमच्यानंतर याचं काय?" हा प्रश्न विचारताना बाप माणसं माझ्यासमोर रडलेली आहेत. तिथे फ्लॅट थेट मुलाच्या नावे लिहू नका, त्याला सही करता येणार नाही आणि तो व्यवहार कायमचा अडकेल. तिथे खासगी ट्रस्ट करायचा, १८८२ च्या ट्रस्ट कायद्याखाली, आत्ताच किंवा मृत्युपत्रातूनच. मालमत्ता ट्रस्टींच्या ताब्यात, फायदा मुलाचा, औषध, केअरटेकर, शाळा कशावर किती खर्च करायचा ते लिहून ठेवायचं. ट्रस्टी एक नको, दोन-तीन असू देत आणि एक गेला तर पुढचा कोण तेही लिहा. मुलाचा पालक मात्र वेगळा नेमावा लागतो, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. पैसा बघणारा आणि मूल बघणारा शक्यतो एकच माणूस नसावा असं माझं मत आहे, दोघं एकमेकांवर लक्ष ठेवतात.

गोव्याचे लोक हे वाचत असतील तर त्यांनी यातलं अर्ध बाजूला ठेवायचं, तिकडे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले नियम आहेत, २०१२ चा गोवा उत्तराधिकार कायदा आहे. नवरा-बायकोची मालमत्ता सहसा एकत्र आणि निम्मी-निम्मी, आणि आपल्या वाट्यातलाही अर्धा भाग मुलांसाठी राखीव, तो मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. वाटणी इन्व्हेंटरी प्रोसिडिंगने होते, म्हणजे कोर्टात मालमत्तेची यादी करून. गोवेकराचा फ्लॅट पुण्यात असला तरी हेच नियम लागतात, २०१९ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. मुस्लिम कुटुंबांत एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही, बाकीच्या वारसांनी संमती दिली तर वेगळं.

मुलं अमेरिकेत असणाऱ्यांना दोनच गोष्टी. मुलाने दिलेलं किंवा तुम्ही त्याला दिलेलं मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की त्या क्षणी संपतं, मग त्यावर केलेली सही चालत नाही, आणि वडिलांच्या एटीएम कार्डातून ते गेल्यावर पैसे काढणंही नको, चांगल्या हेतूने काढले तरी. दुसरं, इथे बसून अमेरिकन शेअर्स घेणारे आता बरेच आहेत. भारतात वारसा कर १९८५ ला बंद झाला, पण अमेरिकेत परकीयांच्या तिथल्या मालमत्तेवर फक्त ६० हजार डॉलरपर्यंत सूट आहे, त्यापुढे इस्टेट टॅक्स लागतो.

आणि जुन्या घरात कुणी गेलं असेल आणि कुठे किती खाती होती माहीतच नसेल तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल बघा, २०२३ पासून सुरू आहे, दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी तिथे नावाने शोधता येतात. पैसे बुडत नाहीत, मागता येतात.

काकूंचा फ्लॅट गेल्या महिन्यात त्यांच्या नावावर झाला. दिराने सही केली, नणंदेने केली, दोन्ही मुलांनी आपापला हिस्सा आईला सोडला. त्याच दिवशी सब-रजिस्ट्रारच्या बाहेर चहा पिताना काकू म्हणाल्या, "माझं पण मृत्युपत्र करायचंय, आणि ते तीन फॉर्म भरून मी स्वतः सेक्रेटरीच्या हातात देणार." परवा त्या पुन्हा आल्या होत्या, तोच डबा घेऊन. वर मृत्युपत्राची प्रत, खाली नॉमिनेशनची पोच, त्यावर सोसायटीचा जांभळा गोल शिक्का आणि तारीख. दोन्हीकडे नावं तीच, मुलगा आणि मुलगी, निम्मं-निम्मं, आणि डबा कपाटात कुठे असतो ते मुलीला फोन करून त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं.